ग्राफ्ट कुठला, हे मशीनला विचारण्याआधी

नडगीचं हाड फुटून मधला तुकडाच गेला, किंवा फ्रॅक्चरला नऊ महिने होऊनही हाड जुळेना, की आम्हा ऑर्थोपेडिकवाल्यांपुढे प्रश्न उभा राहतो: ही पोकळी भरायची कशाने? हा निर्णय घ्यायला मशीन लर्निंगची, म्हणजे जुन्या केसेसवरून शिकणाऱ्या संगणकाची, मदत व्हावी म्हणून मी सध्या एका इंजिनियर मैत्रिणीबरोबर बसते. हे जमावं असं मला मनापासून वाटतं, कारण आज ग्राफ्टची, म्हणजे पोकळीत काय भरायचं याची, निवड बरीचशी सर्जनच्या सवयीवर चालते.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे पेशंटच्याच कमरेचं हाड. त्यात जिवंत पेशी असतात, हाड घडवायला लावणारी प्रथिनं असतात आणि सांगाडाही. पण ते निघतं मोजकंच, आणि नंतर पायापेक्षा कंबरच जास्त दुखते म्हणणारे पेशंट नेहमी भेटतात. दुसरा पर्याय दात्याच्या हाडाचा. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं हाड पुरवते. त्यात पेशी जिवंत नसतात, सांगाडा मिळतो. राहिले कृत्रिम दाणे. कॅल्शियम सल्फेट, म्हणजे आपलं प्लास्टर ऑफ पॅरिसच, जर्मनीत ड्रीसमननं १८९२ साली हाडाच्या पोकळीत भरलं होतं. ते काही आठवड्यांत विरघळतं. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटला बरेच महिने लागतात, आणि हायड्रॉक्सीअपॅटाइट तर वर्षानुवर्षं एक्स-रेत पांढरं दिसत राहतं. दाणे विरघळण्याचा वेग आणि नवं हाड येण्याचा वेग जुळायला हवा. आणि नवं हाड येण्याचा वेग वय, साखर, जंतुसंसर्ग, पोकळीचा आकार, प्लेट किती पक्की बसली, या सगळ्यावर ठरतो. इतक्या गोष्टींचा एकत्र हिशोब डोक्यात मांडणं अवघड, म्हणून मशीन हवं.

पण जुन्या केसेस भरून मॉडेल चालवलं, तर त्यानं काढलेला निष्कर्ष असा: कमरेचं हाड वापरलं की हाड न जुळण्याचं प्रमाण जास्त! कारण उघड आहे. सगळ्यात बिघडलेल्या केसेसनाच आम्ही कमरेचं हाड देतो. सोप्या पोकळीत दाणे भरले तरी भागतं. हा फरक सर्जनच्या मनात असतो, ओटी नोटमध्ये, म्हणजे ऑपरेशनच्या नोंदीत, मात्र 'बोन ग्राफ्टिंग डन' एवढंच. त्यातून पैशाचाही प्रश्न आहेच. दाणे महाग; योजनेच्या पॅकेजमध्ये बसले नाहीत की निर्णय बदलतो, आणि ते कारण कुणी कागदावर लिहीत नाही. मशीनला मात्र वाटणार, हाड बघूनच ठरवलं होतं.

तंबाखूचा रकाना घ्या. आमच्या फॉर्मवर 'धूम्रपान: होय/नाही' एवढंच होतं. परवा ओपीडीत एका काकांना विचारलं, तर म्हणाले, "न्हाई ओ मॅडम, बिडी-काडी कसली न्हाई."

"आणि तंबाखू, काका?"

"ती हाय की. ती कुणाला चुकली?"

खिशात चुन्याची डबी होतीच. हाड जुळायला अडथळा आणणारं निकोटिन तंबाखू चघळूनही रक्तात जातं. परदेशातल्या पेशंटवर शिकलेलं मॉडेल या काकांना निर्व्यसनी धरून मोकळं होईल. आता आमच्या फॉर्मवर विडी-सिगारेट, तंबाखू आणि मिश्री असे वेगवेगळे रकाने आहेत. मिश्रीचा रकाना बायकांसाठी मुद्दाम, कारण त्यांना सहसा कुणी विचारतच नाही.

छापील शोधनिबंध मशीनला भरवू, असं सुचवणाऱ्यांना मी बीएमपीची गोष्ट सांगते. हाड घडवणाऱ्या या प्रथिनांची वाट १९६५ साली मार्शल युरिस्टनं दाखवली. २००२ मध्ये अमेरिकेत त्यांतल्या बीएमपी-२ ला कमरेचे मणके एकमेकांना जोडायच्या शस्त्रक्रियेसाठी मंजुरी मिळाली. कंपनीच्या पैशांवर झालेल्या सुरुवातीच्या निबंधांत दुष्परिणाम जवळजवळ नव्हतेच. पुढे २००८ मध्ये मानेच्या शस्त्रक्रियेत घशाला जीवघेणी सूज येते म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं इशारा दिला. २०१३ मध्ये येल विद्यापीठाच्या पुढाकारानं मूळ आकडेवारी दोन स्वतंत्र गटांनी पुन्हा तपासली, तेव्हा कमरेच्या हाडापेक्षा ठळक असा फायदा दिसला नाही. २००५ साली एखादं मॉडेल हे निबंध वाचून शिकलं असतं, तर त्यानं सगळ्यांना बीएमपीच सुचवलं असतं.

सर्वांत चिकाटीचं काम फॉलोअपचं. चालता येऊ लागलं की पेशंट येत नाही, म्हणून गावाजवळ काढलेला एक्स-रे व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतो. समोरून आणि बाजूने, असे दोन फोटो. त्यात नडगीच्या चार कडा दिसतात. प्रत्येक कडेला १ ते ३ गुण: फ्रॅक्चरची रेघ दिसते आणि कॅलस (जुळताना येणारं नवं हाड) नाही तर १, कॅलस आहे पण रेघही दिसते तर २, कॅलस येऊन रेघ पुसली तर ३. बेरीज ४ ते १२. 'हाड जुळलं' या मोघम शेऱ्यापेक्षा हा आकडा मशीनला कितीतरी उपयोगी, आणि दोन डॉक्टरांनी वेगवेगळे दिले की वाद घालून ठरवता येतो.

मॉडेलला 'कुठला ग्राफ्ट' हे यंदा विचारायचंच नाही, असं आम्ही ठरवलंय. आधी फक्त एवढंच विचारतोय, की या पेशंटचं हाड न जुळण्याचा धोका किती. ज्याच्यासारखी केस आकडेवारीत नाही, त्याला आकडा न देता तसं स्पष्ट सांगायला लावलंय. ग्राफ्टच्या निवडीसाठी ओटी नोटमध्ये नवीन ओळ घातली आहे, 'हाच ग्राफ्ट का?', आणि तिच्याखाली पैशाचं कारण असेल तर तेही लिहायचं. सिनियर सर्जन ती ओळ भरतात, पण आठवण करून द्यावी लागते, म्हणून आता सिस्टरच टाके घालून होईपर्यंत कागद पुढे धरून उभ्या राहतात.