मंगलदोईची मतदारयादी

आज कॉलेज रोडला मुलांच्या चर्चेत आसाम आंदोलन निघालं, म्हणजे बांगलादेशातून बेकायदा आलेल्यांविरुद्धचं १९७९ ते ८५चं आंदोलन. प्रफुल्लकुमार महंत हे नाव बहुतेकांना नवीन! ३३व्या वर्षी मुख्यमंत्री म्हटल्यावर मात्र सगळ्यांचे कान टवकारले.

ठिणगी पडली मतदारयादीवरून. १९७९मध्ये आसाममधल्या मंगलदोई लोकसभा पोटनिवडणुकीची यादी तपासताना परदेशी नावांवर हजारो हरकती आल्या. महंत अध्यक्ष असलेल्या ‘आसू’ या विद्यार्थी संघटनेने मागणी सुटसुटीत ठेवली: शोधा, यादीतून काढा, परत पाठवा. बंद, धरणं तर चालूच होतं, पण दिल्लीला खरा चटका बसला तो बिहारमधल्या बरौनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याला जाणारं कच्चं तेल अडवल्यावर.

घोडं अडलं ते परका कोण हे ठरवताना. १९८३च्या कायद्याने सिद्ध करण्याचा भार तक्रार करणाऱ्यावर टाकला, त्यामुळे फारच थोडी प्रकरणं शेवटाला गेली. (२००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि याचिकाकर्ते सर्बानंद सोनोवाल हेही आसूचेच माजी अध्यक्ष.) केंद्र सरकार आणि आंदोलकांच्या १५ ऑगस्ट १९८५च्या करारात २४ मार्च १९७१ ही मुदत ठरली; त्यानंतर आलेला तो परका. १९६६ ते ७१ दरम्यान आलेल्यांची नावं दहा वर्षं मतदारयादीबाहेर.

यात आसाममधल्या ‘नेली’ या गावचं हत्याकांड विसरून चालणार नाही. फेब्रुवारी १९८३, सरकारी आकड्यानेच दीड हजारांहून जास्त मृत्यू, बहुतेक बंगाली वंशाचे मुसलमान, त्यात बायका-मुलं कितीतरी. करारानंतर या हत्याकांडाचे खटलेही मागे घेतले गेले. महंतांचं कौतुक करणाऱ्या पोरांनी हेही वाचावं.

आसाममधल्या २०१९च्या नागरिक नोंदवहीतून (एनआरसी) १९ लाखांवर माणसं वगळली गेली. आसूला तो आकडाही कमीच वाटला.