१८८ गोळ्या

माझ्या मावशीला बहुऔषधरोधी क्षयरोग झाला, तेव्हा उपचारात कॅनामायसिनचे इंजेक्शन रोज घ्यावे लागत असे. काही महिन्यांनी एका सकाळी कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या होऊनही ती शेगडीजवळच उभी राहिली. आम्हाला वाटले, अशक्तपणामुळे तिचे लक्ष नसेल. प्रत्यक्षात तिची श्रवणशक्ती गेली होती आणि ती पुन्हा परतली नाही.

या इंजेक्शनांना पर्याय ठरलेल्या बेडाक्विलिन या गोळीला अमेरिकेत २०१२च्या अखेरीस मान्यता मिळाली आणि २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. १९७७पासून चालत आलेली ही यादी मला फार मोलाची वाटते; परंतु यादीत नाव आले म्हणजे गोळी रुग्णाच्या हाती पडली, असे होत नाही, कारण मधे किंमत असते आणि किंमतीच्या मागे पेटंट असते. बेडाक्विलिनचे मूळ पेटंट जुलै २०२३मध्ये संपणार होते, तरी ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच औषधाच्या क्षाररूपावर भारतात वेगळे पेटंट मागितले होते आणि ते मिळाले असते, तर मक्तेदारी आणखी चार वर्षे, म्हणजे २०२७पर्यंत लांबली असती.

या अर्जाला २०१९मध्ये मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी हरकत घेतली. दोघीही क्षयरोगातून बऱ्या झालेल्या आणि दोघींचीही श्रवणशक्ती उपचारांत गेलेली. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)नुसार ज्ञात औषधाच्या नव्या रूपाने परिणामकारकता लक्षणीय वाढत नसेल, तर त्याला पेटंट मिळत नाही. जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, २३ मार्च २०२३ला, पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्लोबल ड्रग फॅसिलिटी या क्षयरोगाची औषधे अनेक देशांसाठी खरेदी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेच्या खरेदीत सहा महिन्यांच्या उपचाराचा दर १३० डॉलरपर्यंत, आधीच्या निम्म्याहून खाली आला आणि हा दर खुद्द मूळ कंपनीनेच दिला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

अर्थात, औषधाआधी निदान हवे. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे यंत्र जिथे वीज भरवशाची नाही, अशा आरोग्य केंद्रातही तासाभरात क्षयरोग ओळखते आणि रिफॅम्पिसिन या क्षयरोगावरच्या मुख्य औषधाला जंतू दाद देत नाहीत का, हेही त्याच नमुन्यावरून पुढे तपासता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये त्याची शिफारस केली. आंतरराष्ट्रीय धोरण आखताना यादी, निदानयंत्र आणि पेटंट कायदा यांचा विचार एकत्रच व्हावा, असे माझे ठाम मत आहे. कलम ३(ड)सारखी तरतूद ज्या देशांत नाही, तिथल्या रुग्णांनी कुणाच्या भरवशावर बसावे?

पेटंटचा आणि नव्या दराचा सगळा तपशील मी मावशीला वहीत लिहून दाखवला. तिने विचारले, सहा महिन्यांत गोळ्या किती? मी लिहिले, १८८. तिने तिथेच भागाकार मांडला, डॉलरचे रुपये केले आणि एका गोळीचे साधारण सत्तावन्न रुपये काढले. मग त्याच पानावर तिने मला विचारले, "हे औषध आपल्या वेळी का नव्हतं रे?"