युनिव्हर्सिटी आईबाबांनाही काही सांगत नाही, ते का

निकालाचे दिवस जवळ आले की मला गोव्याहून मेसेज यायला लागतात. डिचोलीहून, साखळीहून, फोंड्याहून, कधी ओळखीच्यांच्या ओळखीतून. "आमचो भुरगो थंयच शिकता, मात्शें पळय गो, पास जाला काय ना तो." म्हणजे आमचा मुलगा तिथेच शिकतो, जरा बघ ना पास झाला की नाही. मी इंग्लंडमधल्या एका युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांच्या रेकॉर्ड्सच्या ऑफिसात काम करते हे घरच्यांनी कौतुकाने सगळ्या वाड्यावर सांगितलंय, त्यामुळे लोकांना वाटतं हिने नाव टाकलं की झालं. आणि नाव टाकलं की मार्क दिसतात हे खरंच आहे, पण मला ते कामाशिवाय बघायची परवानगी नाही, सांगायची तर मुळीच नाही, आणि हे फोनवर सांगितलं की समोरचा माणूस दुखावतो, आपलीच पोरगी आणि एवढंही करत नाही म्हणून. मला त्याचं वाईट वाटतं, म्हणून एकदा सगळं नीट लिहिते.

इथे कुठल्या कर्मचाऱ्याने कुठल्या विद्यार्थ्याचं रेकॉर्ड कधी उघडलं याची सिस्टीममध्ये नोंद राहते. कामाशिवाय उघडलं तर नोकरी जाऊ शकते, आणि ब्रिटनच्या २०१८ च्या डेटा प्रोटेक्शन अ‍ॅक्टप्रमाणे संस्थेच्या संमतीशिवाय जाणूनबुजून कुणाची माहिती मिळवणं हा गुन्हाच आहे. इन्फर्मेशन कमिशनर म्हणून इथे एक स्वतंत्र नियामक आहे, त्यांनी हॉस्पिटलमधल्या कर्मचाऱ्यांवर खटले भरलेत, शेजाऱ्यांच्या नातेवाईकांच्या फायली उगाच उघडून बघितल्या म्हणून. पण मी भीतीपोटी नाही म्हणत नाही हो. तो निकाल त्या मुलाचा आहे, घरी कधी सांगायचा, कसा सांगायचा, आधी आईला सांगायचा की बाबांना, हे त्याने ठरवायचं, मी मध्ये पडणारी कोण?

सगळ्यात जास्त गैरसमज आईवडिलांचा होतो. आपल्याकडे कॉलेज वडिलांना बोलावून घेतं, हजेरी कमी आहे म्हणून सांगतं, वडील सही करतात. इथे १८ वर्षं पूर्ण झाली की विद्यार्थी स्वतःच्या माहितीचा मालक, फी कुणीही भरलेली असो. कुणी भाट म्हणजे बागायत विकून पोराला पाठवलेलं असतं, बँकेचं कर्ज वडिलांच्या नावावर असतं, आणि तेच वडील रात्री जागून फोन करतात तर पलीकडून उत्तर येतं की या नावाचा विद्यार्थी आमच्याकडे आहे की नाही हेसुद्धा आम्ही सांगू शकत नाही. मला ते वाक्य बोलताना आजही जड जातं, कारण पलीकडचा आवाज माझ्या बाबांसारखाच असतो. पण फोनवरचा माणूस खरोखर वडीलच आहे हे मी कसं ओळखणार? काही मुली जबरदस्तीच्या लग्नातून सुटून इथे आलेल्या असतात, काही जण घरच्या मारहाणीपासून लांब आलेले असतात, आणि त्यांना शोधणारा माणूससुद्धा फोनवर काका किंवा वडील म्हणूनच बोलतो. नियम सगळ्यांना एकच ठेवला तरच त्या मुली सुरक्षित राहतात, हे मला पटलंय.

याची दुसरी बाजू मात्र फार गंभीर आहे. मूल मनाने खचलंय, खोलीतून बाहेर येत नाही, आणि घरी कुणालाच कळलेलं नाही, असं होतं. ब्रिस्टल युनिव्हर्सिटीत काही विद्यार्थ्यांनी जीव दिला त्यानंतर २०१८ पासून तिथे प्रवेशाच्या वेळीच विचारायला लागले की तुमच्या तब्येतीची गंभीर काळजी वाटली तर आम्ही कुणाला कळवू, आणि पहिल्याच वर्षी सुमारे ९४ टक्के मुलांनी हो म्हणून नाव दिलं. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो. मुलांना घरच्यांपासून सगळं लपवायचं नसतं, त्यांना फक्त आधी विचारलेलं हवं असतं. आणि जिवाला धोका असेल तर कायदा कुणाला कळवायला आडवा येत नाही, हे खुद्द इन्फर्मेशन कमिशनरने स्पष्ट केलंय, तरी घाबरून गप्प बसणारे कर्मचारी अजून असतात आणि ते चूक आहे. म्हणून ज्यांची मुलं सप्टेंबरला किंवा जानेवारीला इकडे येणार आहेत त्यांना हात जोडून सांगते, विमानात बसवायच्या आधी घरी बसून बोला, इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून कुणाचं नाव घालायचं, तो नंबर गोव्याचा की इथल्या कुणा नातेवाईकाचा, आणि संमतीच्या चौकटीत टिक करायची का. बऱ्याच मुलांच्या फॉर्ममध्ये मला भारतातला बंद पडलेला नंबर दिसतो.

आता माहिती किती घेतात ते. खूप घेतात. नाव पत्ता पासपोर्ट व्हिसा मार्कशीट हे तर झालंच, पण त्याशिवाय वंश, धर्म, अपंगत्व, लैंगिक कल, आईवडिलांपैकी कुणी पदवीधर आहे का, असंही विचारतात. आपल्याकडून आलेली मुलं हे बघून दचकतात. पण असल्या खाजगी प्रश्नांखाली 'सांगायचं नाही' असा पर्याय असतो आणि तो निवडला म्हणून प्रवेश अडत नाही, हे लक्षात ठेवा. ही माहिती हेसा नावाच्या आकडेवारी गोळा करणाऱ्या संस्थेकडे जाते, जी आता जिस्क या युनिव्हर्सिट्यांना डिजिटल सेवा देणाऱ्या संस्थेचा भाग आहे, आणि त्यातून कुठल्या समाजाची मुलं मध्येच शिक्षण सोडतात, कुणाला कमी मार्क पडतात, हे देशपातळीवर कळतं. शिक्षण संपल्यावर सुमारे १५ महिन्यांनी नोकरी लागली का हे विचारणारा सर्व्हेसुद्धा येतो. कशासाठी घेतो, कुणाला देतो, किती वर्षं ठेवतो, हे सगळं प्रत्येक युनिव्हर्सिटीला प्रायव्हसी नोटीसमध्ये लिहून ठेवावं लागतं. वाचायला कंटाळवाणी असते ती नोटीस पण एकदा वाचाच. पदवी, विषय, तारखा हे कायमचं ठेवतात कारण पन्नास वर्षांनी कुणी पदवीची खात्री करायला आलं तर सांगता यायला पाहिजे, बाकीची फाइल मात्र बहुतेक ठिकाणी विद्यार्थी गेल्यावर ६ वर्षांनी नष्ट करतात, कारण इथे करारावरून दावा लावायची मुदत साधारण तेवढीच आहे.

गोंयकारांसाठी यात एक वेगळी गोष्ट आहे. आजोबा मुक्तीआधी गोव्यात जन्मले म्हणून ज्यांनी पोर्तुगालात नोंद करून पासपोर्ट घेतला, आणि मग कुटुंबच्या कुटुंब इंग्लंडमधल्या स्विंडनला वगैरे स्थायिक झालं, त्यांच्या मुलांना फी ठरवण्यासाठी एक मोठा फॉर्म भरावा लागतो. मागच्या ३ वर्षांत कुठे राहिलात, आईवडील कुठे नोकरी करत होते, सेटलमेंट स्कीममध्ये, म्हणजे ब्रेक्झिटआधी आलेल्या युरोपियन नागरिकांना इथे राहू देणाऱ्या योजनेत, स्टेटस कधी मिळालं, मध्ये गोव्याला किती दिवस गेला होता, सगळं. ब्रेक्झिटनंतर हे कडक झालंय, कारण यावरच इथल्या मुलांची फी (होम फी) की परदेशी मुलांची फी ते ठरतं आणि दोन्हीतला फरक दरवर्षी हजारो पौंडांचा असतो. इथे माहिती द्यावीच लागते. पण मी बघते की लोक घाबरून सगळंच पाठवतात, आजोबांचा जन्मदाखला, मामाचा पासपोर्ट, जमिनीचे कागद, घरातल्या सगळ्यांच्या बँक स्टेटमेंट. मागितलं तेवढंच पाठवा. जास्तीचा प्रत्येक कागद म्हणजे अजून एका माणसाची माहिती कुठल्यातरी इनबॉक्समध्ये जाऊन पडते.

व्हिसावर आलेल्या मुलांवर मात्र इथे जास्त नजर असते, आणि मला ते आवडत नाही हे मी उघड सांगते. युनिव्हर्सिटी तुमची स्पॉन्सर असते, त्यामुळे तुम्ही नोंदणी केली नाही, कोर्स मध्येच सोडला, तर १० कामाच्या दिवसांत होम ऑफिसला, म्हणजे इथल्या गृहखात्याला, कळवावं लागतं. हजेरीसाठी कार्ड टॅप, अ‍ॅपवर चेक-इन, लायब्ररीच्या गेटची नोंद, ऑनलाइन कोर्सच्या पानावर कधी लॉगिन केलं ते. एकाच वर्गात इंग्रज मुलगा दोन आठवडे आला नाही तर त्याला काळजीचा ईमेल जातो, आपल्या मुलाला तोच ईमेल येतो तेव्हा त्याच्या पोटात गोळा येतो की आता व्हिसा जाणार. एक गोष्ट मात्र चांगली झालीय. व्हिसा आता ऑनलाइन आहे, आणि युनिव्हर्सिटीला किंवा पार्टटाइम नोकरीच्या मालकाला पासपोर्टची झेरॉक्स न देता शेअर कोड, म्हणजे सरकारी साइटवरून काढलेला तात्पुरता कोड, द्यायचा, तो ९० दिवस चालतो आणि समोरच्याला कामापुरतंच दिसतं.

इतकं सगळं असूनही माहिती फुटते. ग्रीनिच युनिव्हर्सिटीत २००४ साली एका कॉन्फरन्ससाठी एक छोटी वेबसाइट बनवली होती, काम झाल्यावर ती बंद करायची कुणी बघितलंच नाही, त्या वाटेने घुसून सुमारे १९,५०० लोकांची माहिती चोरली गेली आणि २०१८ मध्ये १ लाख २० हजार पौंड दंड झाला. त्याआधी २०१७ मध्ये ईस्ट अँग्लिया युनिव्हर्सिटीत एक स्प्रेडशीट चुकून सुमारे ३०० विद्यार्थ्यांना ईमेल झाली, त्यात कुणाला परीक्षेत सवलत का दिली त्याची कारणं होती, आजार, घरातले मृत्यू, अगदी खाजगी दुःखं. नंतर १ लाख ४० हजार पौंडांहून जास्त भरपाई द्यावी लागली, पण आपल्या वर्गातल्यांनी ते वाचलं हे त्या मुलांच्या मनातून कसं जाणार? आमच्या ऑफिसात ईमेलला अटॅचमेंट लावली की पाठवायच्या आधी दुसरी व्यक्ती बघते, नवीन माणसांना ते वेळखाऊ वाटतं, मला नाही वाटत. आणि २०२० मध्ये माजी विद्यार्थ्यांची माहिती सांभाळायचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या ब्लॅकबॉड नावाच्या अमेरिकन कंपनीवर सायबर हल्ला झाला तेव्हा बऱ्याच युनिव्हर्सिट्यांच्या माजी विद्यार्थ्यांची माहिती एकाच ठिकाणाहून गेली, कारण सगळ्यांनी तीच कंपनी वापरली होती.

विद्यार्थ्याचे हक्कही माहीत असू देत. माझ्याबद्दल तुमच्याकडे काय काय आहे ते सगळं द्या असं कुणीही विद्यार्थी मागू शकतो, फुकट, आणि साधारण १ महिन्यात द्यावं लागतं, शिक्षकांनी एकमेकांना त्याच्याबद्दल लिहिलेले ईमेलसुद्धा. हे माहीत असल्यामुळे लोक ईमेलमध्येही जपून, सभ्य लिहितात. स्वतःची उत्तरपत्रिका मात्र ब्रिटनमध्ये या वाटेने मागता येत नाही, परीक्षकाचे शेरे मागता येतात. शेजारच्या आयर्लंडमध्ये नोवाक नावाच्या एका प्रशिक्षणार्थी अकाउंटंटने आपल्या पेपरसाठी लढा दिला आणि २०१७ मध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टाने सांगितलं की उत्तरपत्रिका ही त्या विद्यार्थ्याचीच वैयक्तिक माहिती आहे. पेपर तपासणीवरून आपल्याकडे किती मुलं रडतात ते आठवलं की या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

आता आपल्याकडचं. दर जूनला गोव्यात अ‍ॅडमिशन सुरू झाल्या की काय चालतं ते तुम्ही बघताच. मामलेदार कचेरीतून १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला, आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, सगळ्याच्या चार चार झेरॉक्स, खराब निघालेली प्रत दुकानातच टेबलाखाली पडलेली, आणि तिच्यावर मुलीचा फोटो, पत्ता, आधार नंबर. मेरिट लिस्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, नाव, मार्क, कॅटेगरी सगळ्यासकट. बारावीचा निकाल लागायच्या आत कुठल्या कुठल्या क्लासवाल्यांचे फोन सुरू होतात, नंबर कुणी दिला ते कुणी सांगत नाही. नावानिशी निकाल बाहेर लावायची रीत इकडे केंब्रिजलाही जुनी, सेनेट हाउसच्या बाहेर लावायचे, पण मुलांनी आक्षेप घेतला आणि नाव वगळायची सोय मिळवली. आपल्या मुलांनाही ते मागता येईल.

आणि कायदा नाही असं आता म्हणता येत नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की यूजीसी, नीट, सीबीएसई आधारची सक्ती करू शकत नाहीत. २०२३ मध्ये यूजीसीने पदवीच्या कागदावर आधार नंबर छापायचा नाही असं कळवलंय. त्याच वर्षी डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यातली मुख्य बंधनं १८ महिन्यांनी म्हणजे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत, आणि दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागणार. मला त्यात एक खटकतं, आजार, जात, धर्म अशा नाजूक माहितीला या कायद्यात वेगळं, जास्तीचं संरक्षण नाही, ब्रिटनच्या कायद्यात आजार, वंश, धर्म अशा माहितीला ते आहे.

तोपर्यंत निदान आधार द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर मिळतं. झेरॉक्सवर पेनाने आडवं लिहा कशासाठी दिली आणि तारीख. आणि काउंटरवर विचारा, आवाज न चढवता, की हे कशाला पाहिजे. माझ्या भाचीच्या अ‍ॅडमिशन फॉर्ममध्ये आईवडिलांचा रक्तगट आणि घरातल्या सगळ्यांचे मोबाइल नंबर विचारले होते, मी तिला फोनवर म्हटलं तू फक्त विचारून बघ. क्लार्क म्हणाला, जुन्या फॉर्मवर होतं म्हणून आहे बाय, तुला नको असेल तर सोड. तिने त्या रकान्यांवर रेघ मारली आणि फॉर्म दिला, त्याने शिक्का मारून घेतला.