तुम्ही विचारलेत म्हणून: जुना संगणक बदलावा का?

घरातला संगणक सात-आठ वर्षांचा झाला आहे, फार संथ चालतो, आता नवा घ्यावा का, असे मला ओळखीतली माणसे वारंवार विचारतात. त्यावर मी आधी एकच गोष्ट विचारते: तो नेमका कुठे अडतो? सुरू होतानाच वेळ लावतो, अनेक पाने एकदम उघडली की अडतो, की तासाभराच्या वापरानंतर मंदावतो? या तिन्ही तक्रारींची कारणे वेगळी आहेत आणि त्यांवरचे उपायही. संगणकाचे वय एवढ्याच कारणाने तो काढून टाकावा, हे मला पटत नाही, कारण प्रोसेसर, म्हणजे सारी आकडेमोड करणारी मुख्य चिप, वर्षांगणिक झिजून हळू होत नाही. आपण त्याच्याकडून करून घेत असलेले काम मात्र दरवर्षी वाढत जाते.

सुरू व्हायला कित्येक मिनिटे लागणाऱ्या संगणकात बहुतेक वेळा फिरणारी हार्ड डिस्क असते. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि संगणक अडलेला असताना त्यातले आकडे पाहावेत. डिस्कचा आकडा १०० टक्क्यांजवळ अडकलेला आणि प्रोसेसरचा मात्र बराच खाली असेल, तर प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट पाहत आहे, हे उघड आहे. या डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते, आणि तिच्यावर विखुरलेली माहिती वाचताना दरवेळी वाचणारा हात योग्य जागी नेऊन ती जागा त्याच्याखाली येईपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे अशी डिस्क सेकंदाला साधारण शंभरेक तुकडेच वाचू शकते. चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारा भागच नसल्याने तीच संख्या हजारोंच्या घरात जाते. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बहुतेक संगणकांत डिस्क जोडण्यासाठीची साटा जोडणी असतेच, त्यामुळे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर उतरवून ती जागेवर बसवता येते आणि सर्व प्रोग्राम जसेच्या तसे मिळतात. नव्या संगणकाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने आधी एवढे करून पाहावे, असे मी आग्रहाने सांगते. पुष्कळांचा प्रश्न तिथेच मिटतो.

ब्राउझरमध्ये दहा-बारा पाने उघडताच संगणक अडत असेल, तर रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणारी स्मृती, अपुरी आहे. आज ४ जीबी कमी पडते आणि घरगुती कामाला ८ जीबी बऱ्यापैकी पुरते. रॅम भरली की तिच्यातली माहिती तात्पुरती डिस्कवर ढकलली जाते, म्हणून हळू डिस्क आणि अपुरी रॅम एकत्र आल्या की संगणक वापरणे नकोसे होते. रॅम वाढवण्याआधी मदरबोर्डवर, म्हणजे सर्व भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डावर, खाच रिकामी आहे का आणि कोणत्या पिढीची रॅम चालते, हे तपासावे, कारण डीडीआर-३ या पिढीच्या खाचेत पुढच्या पिढीची डीडीआर-४ बसत नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये तर ती बोर्डावरच जोडलेली असल्याने वाढवताच येत नाही. तासाभराने मंदावणारा संगणक बहुधा तापलेला असतो आणि स्वतःला जपण्यासाठी प्रोसेसर आपला वेग उतरवतो. पंख्यातली धूळ काढून प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा वाळलेला लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, बदलली की पुष्कळदा भागते.

वेगापेक्षाही मला सुरक्षिततेची काळजी अधिक वाटते. जुलै २०१५मध्ये आलेल्या विंडोज १०ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय आणि, इंटेलचा प्रोसेसर असल्यास, साधारणपणे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. ही पिढी २०१७मध्ये आली. टीपीएम असूनही तो बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेला असू शकतो, तेव्हा संगणक अपात्र ठरवण्यापूर्वी ते जरूर पाहावे. खरोखरच अपात्र असेल, तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही प्रणाली बसवणे हा चांगला मार्ग आहे. ब्राउझर, पत्रव्यवहार, व्हिडिओ एवढाच वापर असलेल्या घरात हा बदल सहज पचतो. हिशेबाचे एखादे सॉफ्टवेअर किंवा जुना स्कॅनर विंडोजवरच चालत असेल, तर मात्र तो टिकत नाही. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, तो अद्यतनांविना वर्षानुवर्षे चालवावा, असे मी कोणालाही सांगणार नाही.

मग नवा केव्हा घ्यावा? मदरबोर्ड बिघडला, किंवा मला हवे ते काम या यंत्राच्या घडणीतच बसत नाही असे दिसले, की घ्यावा. उदाहरणार्थ, व्हीपी९ आणि एव्ही१ या पद्धतींनी दाबलेले व्हिडिओ उलगडण्याची सोय जुन्या चिपमध्ये नसते, तेव्हा ते सारे काम प्रोसेसरवर पडते आणि मोठा व्हिडिओ अडखळतो. याला एसएसडीने काही फरक पडत नाही. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल, तर तो वापरणे तत्काळ थांबवावे, परंतु बॅटरी बदलता येते आणि तेवढ्यासाठी लॅपटॉप टाकू नये. लॅपटॉपच्या एकूण आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा हिस्सा तो बनवतानाच खर्ची पडलेला असतो, म्हणून चालते यंत्र आणखी दोन-तीन वर्षे वापरणे मला मनापासून महत्त्वाचे वाटते.

निर्णय कोणताही असो, छायाचित्रे आणि कागदपत्रे त्याआधीच दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावीत. डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला असेल, तर वेगाची चर्चा बाजूला ठेवून सर्वांत आधी महत्त्वाच्या फायली काढून घ्याव्यात, कारण अशी डिस्क पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते. नवा संगणक घेतलात, तरी जुनी डिस्क लगेच पुसू नका. यूएसबीने जोडता येणाऱ्या खोक्यात बसवून ती काही महिने जपून ठेवा, कारण एखादा विसरलेला फोल्डर शोधण्याची वेळ बहुधा तेव्हाच येते.