संत्र्याची फोड

गेल्या मार्चमध्ये मृग बहाराची संत्री घरात आली होती. माझ्या दहा महिन्यांच्या नातवाने ताटलीतली एक फोड उचलून तोंडात घातली आणि ती त्याच्या घशात अडकली. तो जोरजोरात खोकत होता, तोंड लालबुंद झाले होते, आणि मी घाबरून थेट त्याच्या तोंडात बोट घातले. फोड त्याची त्यानेच खोकून बाहेर टाकली. दोन मुले वाढवलेली मी. पण बोट घालणे किती धोक्याचे होते, हे शेजारच्या निवृत्त परिचारिका ताईंनी सांगितले तेव्हा कळले. बाळाला आवाज काढून खोकता येत असेल, तर त्याला खोकू द्यावे. न दिसणारी वस्तू बोटाने चाचपडली, तर ती आणखी आत सरकते.

पुढचे तीन रविवार त्यांनी मला बाहुलीवर शिकवले. बाळाचा खोकला आणि रडणे दोन्ही बंद झाले, तर त्याला आपल्या हातावर पालथे घ्यायचे, जबड्याला बोटांचा आधार द्यायचा, डोके छातीपेक्षा खाली ठेवायचे आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, ५ थापा मारायच्या. तेवढ्याने वस्तू निघाली नाही, तर उताणे करून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ५ दाब द्यायचे, आणि वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करायचे. वर्षाच्या आतल्या बाळाचे पोट मात्र दाबायचे नाही. माझ्या पहिल्या थापा ढेकर काढताना मारतो तशा हलक्या पडल्या. ताईंनी माझा हात धरून बाहुलीच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा तिचा जोर पाहून मला रडू आले. तेवढा जोर लागतो, हे वाचून समजले नसते.

भाजण्याविषयीही माझी समजूत चुकीची होती. आमच्याकडे चटका बसला की टूथपेस्ट लावायची पद्धत; खरे तर भाजलेला भाग २० मिनिटे थंड वाहत्या पाण्याखाली धरायचा असतो, आणि त्यावर बर्फ, तूप, हळद काहीही लावायचे नसते. पण नागपुरात मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारे पाणीच हात पोळेल इतके तापलेले असते. म्हणून आता माठाशेजारी तांब्या कायम ठेवलेला असतो, म्हणजे माठातले पाणी जखमेवर संथपणे ओतत राहता येईल. बादली भरून ठेवणे मी बंद केले, कारण रांगते मूल तेवढ्या पाण्यातही बुडू शकते.

राहिला कूलर. पाणी भरताना त्याची पिन काढायचीच, हा नियम आमच्याकडे पूर्वीपासून होता. यंदा मात्र कूलर लावण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतले, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच बसवला आणि लोखंडी पत्र्याला बाळाचा हात पोहोचणार नाही असा तो खिडकीबाहेर उंच ठेवला.

शेंगदाणे आणि फुटाणे आता वरच्या फडताळात गेले आहेत. संत्र्याची फोड मी साल आणि बी काढून, बारीक कुस्करून देते. फ्रिजवर १०८ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवला आहे. ताईंची बाहुली अजून आमच्याकडेच आहे. या रविवारी सुनेची आणि नातवाच्या आजोबांची पाळी आहे.