वावळ शोधत गणेशखिंड ते पाषाण: दोन रविवारांची भटकंती

फेब्रुवारी उजाडला की माझं नाक सुरू होतं, आणि दरवर्षी आई म्हणते सुपारीच्या फुलाएवढी थंडी पण सोसत नाही तुला. यावेळी मात्र एक मित्र भेटला, हवेचा अंदाज देणाऱ्या संगणकी मॉडेलवर काम करणारा. तो म्हणाला, अरे वारा कुठून येतो, तापमान किती, हे सगळं आहे आमच्याकडे, पण पराग निघतो कुठून याचाच नकाशा नाही, मग अंदाज कसला देणार? युरोपात कोपर्निकस या हवामान सेवेचं मॉडेल सहा वनस्पतींच्या परागाचा अंदाज देतं, बर्च, अल्डर, ऑलिव्ह, गवत, मगवर्ट, रॅगवीड. त्यात आपला वावळ कशाला असेल, इथे फेब्रुवारीत पराग उधळणारं झाड!

म्हणून दोन रविवार आम्ही तिघं पुणे विद्यापीठापासून औंध, मग पाषाणपर्यंत वावळ शोधत फिरलो.

पहिल्या तासातच एक गैरसमज गेला. टेकडीवर ग्लिरिसिडिया गुलाबी फुलून बसलेला असतो, सगळा दोष त्याला. पण तो मधमाश्यांवर अवलंबून, त्याला हवेत पराग उधळायची गरज नाही. वावळाचं उलट. पानं गळालेली, काटक्यांवर हिरवट-तपकिरी बारीक गुच्छ, लांबून वाटतं झाड वाळलंय. मी काळी छत्री उलटी धरली आणि फांदीला टिचकी मारली, तर छत्रीत पिवळसर पीठ पडलं. त्यातला एक कण साधारण 20-30 मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. पुढची दहा मिनिटं मी नुसता शिंकत होतो, बाकीचे दोघे हसत होते.

आता कुणी जाणार असेल तर. सकाळी ऊन जरा वर आल्यावर निघा, दव असताना काही पडत नाही. एन-95 घालाच, आणि दमा असेल तर डॉक्टरांना विचारूनच या भानगडीत पडा. फोनची लोकेशन अचूकता पाच मीटरच्या आत येईपर्यंत पिन टाकू नका, आम्ही घाई केली आणि औंधच्या बाजूची तीन झाडं थेट मुळा नदीत उगवली, दुसऱ्या रविवारी जाऊन ती परत काढावी लागली. पॉवर बँक न्या.

नोंदीत झाडाचं नाव आणि जागा एवढंच पुरत नाही. महापालिकेच्या वृक्षगणनेत लाखो झाडं जीपीएससकट आहेतच, पण मॉडेलला हवं असतं की यंदा हे झाड कधी फुललं आणि किती. खोडाचा घेर, अंदाजे किती फांद्या फुलल्यात, तारीख, बस्स. आणि तेच झाड आठवड्याने परत बघायचं. आमच्या पहिल्या रविवारी फुललेलं एक झाड दुसऱ्या रविवारी पोपटी पापड्यांनी, म्हणजे वावळाच्या चपट्या फळांनी, भरलं होतं, म्हणजे त्याचा पराग संपला. जिथे शोधूनही वावळ नाही तो रस्तासुद्धा "नाही" असा लिहा, नाहीतर फक्त आपण फिरलेल्या रस्त्यांवरच झाडं आहेत असं नकाशाला वाटतं.

एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन काकांनी अडवलं. "काय मोजताय, रस्ता रुंद करणार काय? झाड तोडणार?" म्हटलं नाही काका, शिंका कुठून येतात ते शोधतोय. ते जरा थांबले, मग म्हणाले, "मग पापडीचं झाड बघा की, मागं तीन हायेत. मार्चात झाडून झाडून कंबर जाते." पापडीचं झाड म्हणजे वावळच, आणि खरंच तीन होती, रस्त्यावरून एकही दिसत नव्हतं. त्यानंतर आम्ही प्रत्येक ठिकाणी आधी झाडणाऱ्या मावशींनाच विचारलं, निम्मं काम तिथेच झालं.

हवेतला पराग मोजणारं खरं यंत्र म्हणजे हर्स्ट ट्रॅप, मिनिटाला 10 लिटर हवा ओढून कण चिकट टेपवर पकडतं. ते महाग, आमच्याकडे गच्चीवर व्हॅसलीन लावलेल्या काचपट्ट्या. त्या पट्ट्यांवरून हवेत किती कण आहेत ते नाही कळत, पण कुठल्या दिवशी वाढले ते कळतं, सुरुवातीला तेवढं चालतं.

पुढची फेरी ऑगस्टमध्ये, नदीकाठचं गाजरगवत. ते त्या रॅगवीडच्याच कुळातलं. गमबूट आणा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि हातमोजे विसरू नका, त्या गवताने अंगाला भयंकर खाज येते.