गेल्या वर्षाचे संकल्प तपासताना

जुनी यादी काढा आणि प्रत्येक संकल्पापुढे तो कोणत्या महिन्यात सुटला ते लिहा. झाला की नाही, यापेक्षा हा महिना जास्त सांगतो. आठवणीवर मात्र विसंबू नका. पासबुक, कॅलेंडर, फोनमधली पावलांची नोंद पाहा.

ठाण्यात उपवन किंवा तलावपाळीला फेऱ्या मारायचा नेम बहुतेकदा जूनमध्ये मोडतो. कारण आळस नव्हे, पाऊस. म्हणून नवा संकल्प लिहितानाच जून ते सप्टेंबरचा पर्याय लिहायचा: इमारतीचे जिने, २० मिनिटं. गुडघे दुखत असतील तर घरातच चाला.

वाचनाचं गणित सोपं आहे. २४० पानांची १२ पुस्तकं म्हणजे २,८८० पानं, रोज साधारण ८. लोकलमध्ये बसायला मिळालं तर तेवढी सहज होतात, पण उभ्याच्या गर्दीवर हिशेब बांधू नये.

बचत ६०,००० हवी तर महिना ५,००० पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप वळती करा. महिनाअखेरीस उरेल ते टाकू म्हटलं की काही उरत नाही. गणपती-दिवाळीचा खर्च वेगळा धरा.

संकल्प तीनच ठेवा, खरंच. पहिली तपासणी ३१ मार्चला.